आधी कान, मग जीभ

आमच्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, सारे विधी उरकत आले असताना, फादरांनी त्याच्या कानांना आणि मग ओठांना अंगठ्याने हळूच स्पर्श करून एक लहानशी प्रार्थना म्हटली. हा 'एफ्फाथा'चा विधी. तो केलाच पाहिजे असा दंडक नाही. काही ठिकाणी तो गाळलाही जातो. मी त्या वेळी पेटलेल्या मेणबत्तीपासून बाळाचे झबले सांभाळण्यात गुंतले होते. तो अंगठा मी पाहिला, पण त्याचा अर्थ मनाशी घेतला नाही. तो कळायला मला पुढे पावणेदोन वर्षे लागली.

आम्ही मुरगूडला राहतो. वेदगंगेच्या काठचे, कागल तालुक्यातले हे गाव. सर पिराजीराव तलाव आणि भोवतालचा ऊस ही त्याची ओळख. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचे एकट्याचेच. रविवारच्या मिस्सेसाठी आम्हांला एस. टी.ने कोल्हापूर गाठावे लागते. माझे माहेर आजऱ्याकडचे. तिकडच्या कॅथलिक घरांत गोव्याहून आलेल्या पूर्वजांची कोंकणी अजून चुलीपाशी टिकून आहे. मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवली, पण लेकरू मांडीवर घेतले की माझ्या तोंडून कोंकणीच येते. सून वसईची, तिची बोली सामवेदी, जिला तिकडे कादोडी म्हणतात. माहेरच्यांशी ती फोनवर बोलू लागली की मला निम्मेअधिक समजते, उरलेले मी तिच्या हसण्यावरून ओळखते. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला आहे. तो या गल्लीतच वाढला, तेव्हा त्याची भाषा रांगडी कोल्हापुरी. आणि या तिन्हींच्या वर, सोप्यातल्या कोनाड्यात ठेवलेल्या मोबाइलची इंग्रजी.

नातू वीस महिन्यांचा झाला तरी आमच्या हिशेबाने त्याच्याजवळ तीनच शब्द होते. हसायचा छान, बोट दाखवून हवे ते मागायचा, चेंडू आणून हातात द्यायचा. पण तोंडातून बोल फुटत नव्हता. शेजारच्या काकू धीर द्यायच्या, "बाई, काळजी करू नगासा. पोरगं येळनं बोलतंय. त्येच्या बानं तरी कुठं लवकर तोंड उघडलं हुतं!" दुसरी कोणी वेखंड उगाळून मधातून चाटवायला सांगे. तिसरीने जिभेखालची तार कापून घ्या असे सुचवले. सुचवणाऱ्या साऱ्याजणी मायेच्याच होत्या. तथापि या तीनही सल्ल्यांबद्दल आता जे समजले ते येथेच नोंदवून ठेवते. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि आपोआप बरोबरीला येतात; पण आपले मूल त्यांपैकी आहे की नाही हे घरात बसून कोणालाच ठरवता येत नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध देणे धोक्याचे आहे. जिभेखालची तार आखूड असली तर अंगावर पिताना अडचण येते, एखादा उच्चार अडखळतो. मूल मुळी बोलूच लागत नाही, असे तिच्यामुळे होत नाही.

शेवटी आम्ही एका डॉक्टरांना विचारले. त्यांनी घरात कोणत्या भाषा बोलल्या जातात ते ऐकले आणि मान हलवली. तीन-तीन भाषांनी मूल गोंधळले आहे, म्हणाले. एकच भाषा ठेवा. मुलाला आणि सुनेला ते पटले. त्या दोघांच्या मनात शाळेचाही विचार होता. ठरले असे की, बाळाशी सर्वांनी शुद्ध मराठीत बोलायचे, जोडीला थोडे इंग्रजी. सुनेने आपली कादोडी मिटून ठेवली. आणि मला मुलाने फार जपून, माझा हात हातात घेऊन सांगितले, "आई, थोडे दिवस. त्याच्यासाठी."

योहानाच्या जन्मापूर्वी जखऱ्याची वाचा गेली होती. माझी मी आपण होऊन मिटली. बाहेरच्याला हे नवल वाटेल. जिने एकतीस वर्षे मराठी शिकवली, तिला मराठीत नातवाशी बोलायला काय झाले? झाले ते असे की, माझ्या मराठीला खडूचा वास आहे. ती मला शाळेत मिळाली आणि शाळेतच वापरली गेली. त्या मराठीत मी नातवासमोर बसले की बाई होऊन बसत असे. चित्राचे पुस्तक उघडायचे, बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हे काय आहे? सांग. म्हण, गाय. म्हण ना, गाय." तो माझ्या तोंडाकडे पाही, मग पुस्तक मिटून टाकी. मी पुन्हा उघडे. दिवसभरात मी त्याला शंभर प्रश्न विचारीत असेन, आणि त्या प्रत्येकाचे उत्तर मला आधीच ठाऊक असे. लेकराला ते कळत नसेल असे आपल्याला वाटते, एवढेच.

संध्याकाळी तो कडेवर यायचा तेव्हा माझ्या तोंडात कोंकणी यायची आणि मी ती गिळायची. त्यामुळे मग काहीच बोलायची नाही. त्याला घेऊन दारात उभी राहायची. समोरून ट्रॅक्टर जायचे, म्हशी जायच्या, आणि आम्ही दोघे मुके. असे दोन महिने गेले. त्याचे तीन शब्द तीनच राहिले.

आगमनकाळ सुरू झाला होता. रात्री शुभवर्तमान वाचायची माझी जुनी सवय. त्या रात्री मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय निघाला. बहिऱ्या आणि बोबड्या माणसाची ही कथा मी वर्गातल्या कवितेइतक्या वेळा वाचली असेन. लोक त्याला येशूकडे आणतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, मग जिभेला स्पर्श करतो, वर पाहून उसासा टाकतो आणि म्हणतो, 'एफ्फाथा', मोकळा हो. मी तेथेच थांबले. कानांत बोटे आधी आणि जिभेला स्पर्श नंतर. फादरांचा अंगठाही आधी कानांवरच टेकला होता. नातवाच्या जिभेविषयी आम्ही तालुकाभर सल्ले गोळा केले होते. त्याच्या कानांकडे मात्र कोणी पाहिले नव्हते.

त्याला ऐकू येते याविषयी आम्हांला शंका नव्हती, कारण परीक्षा आम्ही घेतली होती. मागून टाळी वाजवली की तो वळे. स्वयंपाकघरात ताटली पडली की दचके. दुसऱ्या दिवशी मात्र मी वेगळी परीक्षा घेतली. तो अंगणात पाठमोरा बसला असताना चार पावलांवरून साध्या आवाजात, हळू, नावाने हाक मारली. वळला नाही. पुन्हा मारली. नाही. मग थोडे जवळ जाऊन मोठ्याने मारली, तेव्हा हसत वळला.

कोल्हापुरास नेले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले, श्रवणतज्ज्ञ बाईंनी कानात एक लहानसे बोंडूक बसवून पडद्याची हालचाल मोजली. त्यात दुखण्यासारखे काही नसते. नंतर त्याला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून 'बेरा' ही तपासणी केली. निदान असे की, पावसाळाभर जी सर्दी होत राहिली, तिच्यापायी दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पातळ पाणी साचून राहिले होते. ना कान दुखला, ना फुटला, ना ताप आला. लहान मुलांत हे पुष्कळ आढळते आणि बहुतेकदा तीन महिन्यांत आपोआप ओसरते, म्हणून लगेच शस्त्रक्रिया न करता वाट पाहायची असते. मात्र तोवर मूल कानांत बोळे घातल्यासारखे ऐकते. ताटली त्याला ऐकू येते, टाळी ऐकू येते. पण 'स', 'फ', 'त', 'क' यांसारखे हलके ध्वनी निसटून जातात. बोलणे म्हणजे आवाज नव्हे, हे मला एकतीस वर्षे वर्गात उभे राहून कळले नव्हते.

सूनबाईंनी श्रवणतज्ज्ञांना भीतभीतच घरच्या भाषा सांगितल्या. त्या बाईंनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, मुलाला येणारे सगळे शब्द लिहा. कोणत्याही भाषेतले, उच्चार बोबडा असला तरी चालेल, फक्त दरवेळी एकाच अर्थाने वापरीत असेल तर. मुलाने तीन लिहिले. सुनेने घुटमळत कादोडीतले चार लिहिले. तिने बोलणे बंद केले होते तरी ते त्याच्यात राहिले होते. मी दोन लिहिले, 'मांय' आणि 'यो'. मुलगा म्हणाला, "यो कुठला? तो तर नुसता मांजरामागे यो-यो करीत फिरतो." मी म्हटले, "अरे, कोंकणीत यो म्हणजे ये. तो मांजराला बोलावतो." मग म्हशीसाठी तो काढतो तो आवाज आणि ट्रॅक्टरला म्हणतो तो 'ट्या', असे धरून अकरा भरले. बावीस महिन्यांच्या मुलाला अकरा शब्द कमीच. दोन वर्षांचे मूल साधारण पन्नास शब्द आणि 'आई ये' अशी दोन शब्दांची जोडणी करू लागते. पण अकरा म्हणजे तीन नव्हेत. दोन-तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द एकाच भाषेत मोजले तर ते नेहमी गरीब दिसते. अनेक भाषांमुळे बोलणे खुंटते ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. ज्याला ज्या भाषेत मोकळेपणी, मायेने, न अडखळता बोलता येते त्याने त्याच भाषेत मुलाशी बोलावे, असे त्या बाईंनी स्पष्ट सांगितले. सूनबाई तेथेच रडली. मी एस. टी.त बसल्यावर.

येथे एका गोष्टीचे स्मरण होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, ते मराठीत. पण धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी त्यांनी लिहिली ती कोंकणीत. त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, ती प्रसिद्ध झाली. पुराण ऐकायला एक भाषा आणि घरात शिकायला दुसरी, यात त्यांना काही विपरीत वाटले नाही. चारशे वर्षांनंतर आम्ही घाबरलो.

त्यानंतरचे तीन महिने मी नातवाकडून शिकले. घरात करायच्या गोष्टी त्या बाईंनी सांगितल्या होत्या त्या दिसायला अगदीच किरकोळ. पहिली, त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून बोलायचे, म्हणजे आवाजही पोचतो आणि ओठही दिसतात. माझ्या गुडघ्यांना हे मानवले नाही, म्हणून मी पाटावर बसू लागले आणि तो उभा राही. टी. व्ही. त्या वेळी बंद. दुसरी, आपण दाखवू ते त्याने पाहावे हा हट्ट सोडून तो पाहील त्याविषयी आपण बोलायचे. ही मला फार जड गेली. शिक्षकाचा हात सतत फळ्याकडे जातो. पण गळिताचा हंगाम होता आणि रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. चित्रातल्या गाईत त्याला काडीचे स्वारस्य नव्हते, ट्रॉलीसाठी तो जेवण सोडून धावे. मग मीही त्याच्याबरोबर उभी राहून ट्रॉलीचे कौतुक करू लागले, माझ्या कोंकणीत. ऊस पडला, चाक मोठे, धूर आला, गेली. प्रश्न एकही नाही.

तिसरी गोष्ट थांबण्याची. आपण मुलाशी बोलतो आणि त्याने तोंड उघडण्याआधीच पुढचे वाक्य टाकतो. त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो; तो द्यायचा, आणि तोवर तोंडाकडे आशेने पाहत राहायचे. किती वेळ? मी मनात 'नमो मरिये' म्हणू लागले. साधारण निम्म्या प्रार्थनेपर्यंत तो काहीतरी करीच. हात हलवी, हुंकार देई. त्या हुंकाराला उत्तर द्यायचे, जणू तो वाक्य बोलला आहे.

'उदक' हा शब्द असाच आला. स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्यापाशी तो येऊन उभा राही आणि आम्ही लगेच पेला भरून देत असू. मागितल्यावाचून मिळत असेल तर कोण मागेल? एके दिवशी मी पेला हातात धरला, म्हटले, "उदक जाय?" आणि थांबले. 'नमो मरिये' निम्मे झाले, पुरे झाले. तो पेल्याकडे पाही, माझ्या ओठांकडे पाही. मग म्हणाला, "दक." तान्ह्या येशूपुढे गुडघे टेकणाऱ्या मेंढपाळांना झाला असेल तसा आनंद मला झाला, असे लिहिले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. पेला त्याला दिला आणि म्हटले, "उदक. थंड उदक." ही चौथी गोष्ट: त्याचा शब्द चूक म्हणायचे नाही, तोच नीट करून, त्यात एक शब्द घालून परत करायचा. (उदक हा काही परका शब्द नव्हे, संतांच्या मराठीत तो जागोजाग आहे. मुलाने मला हे विचारलेच, म्हणून सांगते.)

संध्याकाळच्या जपमाळेचा उपयोग असा होईल असे मला वाटले नव्हते. जपमाळेत 'नमो मरिये' त्रेपन्न वेळा येते. म्हणजे त्रेपन्न वेळा तेच शब्द, त्याच चालीत, आणि शेवटी तोच 'आमेन'. मोठ्यांना त्या पुनरुक्तीत झोप येते. दोन वर्षांच्या मुलाला तिच्याइतके प्रिय काही नसते, कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असते. चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही 'आमेन'पूर्वी क्षणभर थांबू लागलो. तो 'आमे' म्हणून गर्जे. पुढे तर आम्ही प्रार्थनेच्या मध्यावर असतानाच गर्जू लागला.

मोबाइलविषयी थोडे. जेवताना गाणी लावून देत होतो, ती बंद केली. पहिले चार दिवस रडारड झाली, नंतर विसरला. अमेरिकेतील पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सुनेने मला वाचून दाखवला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून बारा वेळा खेळली, पुस्तके वाचली. ती बाळे चिनीतले बारीक ध्वनीभेद ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले. त्यांना त्यातले काहीच उमगले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले ते याला धरूनच आहे: दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी तासाहून अधिक नको.

मार्चमध्ये, उपवासकाळात, पुन्हा तपासणी झाली. कान मोकळे होते. आमचे निभावले. परंतु सर्वांचेच निभावत नाही, म्हणून हे लिहिणे. पाणी न ओसरल्यास पडद्यात बारीक नळी बसवावी लागते. काही मुलांचे ऐकणे जन्मतःच मंद असते, आणि त्यांच्या बाबतीत एकेक महिना मोलाचा असतो. जन्मानंतर महिनाभरात चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. नवजात बाळाच्या कानाची चाचणी काही मिनिटांत होते. बाळंतपणाच्या वेळी ती मागायची असते हे आम्हांला ठाऊक नव्हते. माता व बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तारखा आम्ही नेमाने भरून घेतल्या. त्याच कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले आहेत, ते पान उलटले नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना तपासते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून केवळ श्रवण आणि वाचा याच कामासाठी आहे. आणि वर्षाचे मूल बोट दाखवीत नसेल, हाकेला डोळे देत नसेल, किंवा आलेले शब्द हरवू लागले असतील, तर शेजारणीच्या धीरावर विसंबून राहू नये; मग ती शेजारीण कितीही मायेची असो.

या साऱ्यात एक जुनी गोष्ट मनातून जात नाही. पदविकेच्या वर्षात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी मी भक्तिभावाने वाचले होते. १९४५ मध्ये बोर्डीस त्यांनी काम सुरू केले तेव्हा मूल जसे असेल तेथून आरंभ करायचा, हेच त्यांचे सूत्र होते. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले. नंतर वर्गात 'पानी' म्हणणाऱ्याला मी दहा वेळा 'पाणी' म्हणायला लावले, 'लई' म्हणणाऱ्याला उभे केले. पहिलीत एक मुलगा होता, जो वर्षभर माझ्यासमोर बोललाच नाही. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'मंद' असे लिहिले. त्याचे कान मी तपासायला सांगितले नाहीत. त्याच्या घरी कोणती बोली होती हे विचारले नाही. पापनिवेदनात हे मी सांगितले आहे. तरी तो मुलगा डोळ्यांसमोर येतो.

नातू आता सव्वादोन वर्षांचा आहे. शब्द मोजणे आम्ही सोडून दिले. 'ळ' अजून येत नाही, 'र' तर दूरच. ती अक्षरे उशिराच येतात. परवा तो शेजारी खेळायला गेला होता. थोड्या वेळाने काकू त्याला कडेवर घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो माझ्याकडं पानी मागतोय आणि तुमच्या दारात आला की दुसरंच काय तर मागतोय. काय पायजे ह्येला?"

मी म्हटले, "दोन्ही एकच. त्याला तहान लागली आहे."

"मग मला कशाला पानी म्हनतोय?"

"तुम्हांला कळावं म्हणून."

काकूंनी त्याला खाली उतरवले. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "उदक," आणि काकूंकडे वळून म्हणाला, "पानी." मी दोन पेले भरले.